‘पावती माझ्या नावाची द्या’

वाचकांचे प्रश्न, माजी सैनिकाची उत्तरं

प्रश्न : जय हिंद साहेब. मी पायदळातून १७ वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्याच कंपनीतले एक सुभेदार साहेब पुढची विधानसभा अपक्ष लढवायची म्हणतात. माणूस सरळ आहे. पहाटे पाचला मैदानावर जाऊन भरतीच्या पोरांना पळवतात, एक रुपया घेत नाहीत. शहिदांच्या घरच्यांची पेन्शनची कागदपत्रं स्वतः घेऊन फिरतात. पण पैसा म्हणाल तर फक्त पेन्शन. जिल्ह्यात आम्ही पलटणीतले चाळीसेक जण आहोत, सगळ्यांना मदत करायची आहे. मी पेन्शनवर दोन लाखांचं कर्ज काढायला तयार आहे, घरातून मात्र विरोध आहे. आमच्या संघटनेच्या कल्याण निधीत १ लाख ८० हजार आहेत, ते द्यावेत असं काहींचं मत पडलं. एक बांधकाम व्यावसायिक पाच लाख रोख देतो म्हणतो. पोरं म्हणतात हुरडा पार्टी ठेवू आणि त्यातून पैसे उभे करू. कसं करावं?
– एक निवृत्त हवालदार, जुळे सोलापूर

उत्तर : हवालदार साहेब, जय हिंद. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. २०१९ साली मी नेमक्या याच जागी बसलो होतो. माझा एक सोबती अपक्ष उभा राहिला आणि फौजेत २४ वर्षं क्लर्क होतो म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. तो निवडणूक हरला, डिपॉझिटही गेलं. पण त्या वहीतल्या एका रुपयावरही कोणी बोट ठेवू शकलं नाही, आणि पुन्हा उभं राहायचं म्हटलं तर आजही तो उभा राहू शकतो. पुढचं सगळं त्या वहीवरून सांगतो.

आधी कर्जाचं. काढू नका. वहिनी बरोबर सांगताहेत. आमच्यातल्या एकाने बायकोचे दागिने गहाण टाकून पैसे आणले आणि आम्हाला सांगितलं, शिल्लक होती. निकालानंतर खरं कळलं. पैसे परत मागण्यातला तो नव्हता, पण नंतर दोन वर्षं आमच्या कोणाच्या घरी आला नाही. समोर आला की उमेदवाराची मान खाली जायची आणि त्याचीही. बर्फात एका तंबूत राहिलेली ती दोघं माणसं. म्हणून वर्गणी सुरू करण्याआधीच ठरवून टाका की पलटणीतल्या कोणीही पाच हजारांच्या वर द्यायचे नाहीत, आणि दिलेले पैसे गेले असं धरून द्यायचे. हे दुसरं वाक्य बैठकीत मोठ्याने बोला. सुभेदार साहेबांच्या समोरच बोला.

आता त्या पाच लाखांचं. निवडणूक काळात एका व्यक्तीकडून दहा हजारांच्या वर रोख घेता येत नाही. त्यावरची रक्कम बँकेतूनच यावी लागते, खर्चाच्या बाजूलाही तसंच आहे. म्हणजे पाच लाख रोख हा विषय तिथेच संपला. पण उद्या तो माणूस म्हणेल, ‘चेकने देतो.’ तेव्हाचं सांगतो. आमच्याकडे एकाने दीड लाखाचा चेक दिला होता. कायद्यात बसणारा, व्यवस्थित. त्याच रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, ‘साहेब, आमच्या जागेसमोरच्या रस्त्याचं तेवढं ध्यानात ठेवा.’ सोबत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाला, वही उघड. चेक अजून बँकेत भरला नव्हता. सकाळी आम्ही दोघं तो परत देऊन आलो. दीड लाख म्हणजे त्या वेळी आमच्या एकूण अंदाजाचा चौथा हिस्सा होता. परत येताना चार हुतात्मा पुतळ्यापाशी तो गाडी थांबवून दोन मिनिटं उभा राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे एकाच दिवशी फासावर गेले, हे सोलापूरच्या पोरांना शाळेपासून माहीत असतं. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मग पैसे आले कुठून? पावती पुस्तकातून. शंभर पावत्यांचं एक, अशी पुस्तकं आम्ही कार्बनसह छापून घेतली. प्रत्येक पावतीवर क्रमांक, देणाऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम, रोख की बँकेतून, आणि घेणाऱ्याची सही. प्रत्येक पुस्तक कोणाकडे दिलं ते वहीत, आणि रोज रात्री नऊला पुस्तकं माझ्या घरी परत. फौजेत हत्यारं कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा होतात तशी. एका पोराने एकदा पुस्तक घरी ठेवलं, तर रात्री अकराला त्याच्या घरी जाऊन आणलं. त्याला राग आला, पण दुसऱ्या दिवशी पुस्तक पावणेनऊलाच हजर होतं.

त्यातली एक पावती मी विसरत नाही. जुन्या विडी घरकुलात गेलो होतो. दारात एक मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. तेंदूच्या पानावर तंबाखू, दोन बोटांत वळण, वरचं तोंड दुमडायचं, दोरा. हात एकदाही थांबला नाही. आमचं बोलणं पूर्ण ऐकलं, मराठी-तेलुगू मिसळून दोन प्रश्न विचारले. पहिला, हा माणूस निवडून आल्यावर इकडे येणार का. दुसरा, कारखान्यात विड्या छाटून टाकतात त्याबद्दल काही बोलणार का. (छाट म्हणजे वळलेल्या विडीतला काही माल खराब म्हणून बाजूला काढतात, त्याची मजुरी मिळत नाही.) सोबत्याने सांगितलं, येईन, आणि छाटेबद्दल मला आधी समजावून सांगा. तो तिथेच फरशीवर बसला आणि अर्धा तास ऐकत राहिला. उठताना मावशींनी कमरेच्या चंचीतून वीस रुपये काढले. आमचा पोरगा म्हणाला, ‘राहू द्या मावशी, वीस रुपयांची काय पावती करायची.’ त्यावर त्यांनी विडी खाली ठेवली. ‘पावती माझ्या नावाची द्या. नवऱ्याच्या नको.’ नाव नीट लिहिलंय का, हे शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं, पावतीची घडी केली आणि देवाच्या फोटोमागे खोवली. मतदानाच्या दिवशी त्या गल्लीतल्या सात बायकांना घेऊन स्वतः केंद्रावर आल्या.

हवालदार साहेब, माझं जे काही म्हणणं आहे ते या वीस रुपयांत आहे. पक्षाच्या उमेदवाराला बूथवर माणसं पक्ष देतो. अपक्षाला ती कोण देणार? ज्याने वीस रुपये दिले तो. त्याचा पैसा अडकलाय, तो चौकात तुमची बाजू घेतो. आमच्या वहीत २,३०० च्या वर नावं होती आणि त्यातली निम्मी शंभरच्या खालची. तुम्ही चाळीस जण पाच-पाच हजार देऊन दोन लाख उभे करालही, पण तेवढ्यावर थांबलात तर मतदानाच्या दिवशी तुम्ही चाळीसच असाल. २०१९ साली आपल्या जिल्ह्यात बार्शी आणि करमाळ्यातून अपक्ष निवडून आले, पण तिथे वर्षानुवर्षांचे गट मागे होते. तुमच्याकडे गट नाही. तुमचा गट तुमच्या पावती पुस्तकातून तयार व्हायचा आहे.

आता कायद्याचं, कारण इथे फौजी माणूस हमखास अडकतो. आपल्याला वाटतं मन साफ आहे म्हणजे झालं.

निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं लागतं आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं लागतं. सहकारी बँकेत किंवा पोस्टातही चालतं. खातं उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत जोडीने काढता येतं, बायकोसोबतचं किंवा भावासोबतचं चालत नाही. जुनं पेन्शन खातं वापरायचं नाही. उमेदवाराचे स्वतःचे पैसेसुद्धा आधी या खात्यात येतात, मग खर्च होतात. मोबाइलवरून पैसे घेण्याचा कोड काढाल तो याच खात्याचा काढा. हौसेने कोणी आपल्या नंबरवर वर्गणी गोळा करू लागला तर त्याच दिवशी थांबवा.

अर्ज भरताना निवडणूक कार्यालयातून नोंदवही मिळते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. त्यांचं पथक तुमच्या सभांचं चित्रण करून आपली वेगळी नोंद ठेवतं आणि दोन्ही ताडून बघतं. खुर्ची, मांडव, चहा, वडापाव, सगळ्याचं दरपत्रक जाहीर होतं. कोणी म्हणालं, ‘माझी जीप फुकट घ्या’, तर आनंदाने घ्या, पण तिचं भाडं दरपत्रकाप्रमाणे खर्चात धरा आणि देणगी म्हणून त्याचं नाव लिहा. विधानसभेची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे, आमच्या वेळी २८ होती. तुम्ही तिच्या जवळपासही जाणार नाही, म्हणून तुम्हाला मर्यादेची भीती नाही. तुम्हाला भीती आहे ती न लिहिलेल्या खर्चाची.

डिपॉझिट सर्वसाधारण उमेदवाराला दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत आणि माणूस हरला तर जप्त होतं. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे, लागतात, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. ते वर्गणीदारांतून निवडा आणि चालू यादीत त्यांचा भाग क्रमांक, अनुक्रमांक स्वतः डोळ्यांनी बघा. एक कमी पडला तरी अर्ज बाद होतो.

छपाईचा पैसा शेवटपर्यंत राखून ठेवा. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, आणि तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान १४ दिवस असतात. आम्हाला तेवढेच मिळाले. ७ ऑक्टोबर २०१९ ला दुपारी चिन्ह हातात आलं, मतदान २१ ला. आणि ७ ला होती खंडेनवमी. छापखान्यात गेलो तर यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या, हळदीकुंकू लावलेलं, मालक म्हणतात आज यंत्र हलणार नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. दोन दिवस असे गेले. शेवटी ९ तारखेला पत्रकं निघाली, मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत, कारण सोलापुरात एका भाषेत बोलून भागत नाही. तुम्ही छापखान्याशी आधीच बोलून ठेवा, मजकूर जुळवून ठेवा, फक्त चिन्हाची जागा रिकामी. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच, ते राहिलं तर गुन्हा आहे. आधी छापून ठेवलेलं साहित्य नंतर वाटलंत तरी त्याचा खर्च हिशेबात येतो.

वर्दीचा विषय. आमच्या एका मित्राने गावात स्वतःच्या खर्चाने मोठा फलक लावला, त्यावर उमेदवाराचा वर्दीतला, मेडल लावलेला फोटो. प्रेमाने केलं होतं, पण तीन दिवसांत नोटीस आली. संरक्षण दलांतल्या जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, हे आयोगाने २०१३ साली आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. शिवाय उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हाच गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. दंड दहा हजारांपर्यंत. सुभेदार साहेबांचा साध्या शर्टातला फोटो काढा. ते काय आहेत ते लोकांना मैदानावर दिसतंच.

कोणाकडून घ्यायचे नाहीत, हेही आत्ताच ठरवा. जो अजून नोकरीत आहे, सुट्टीवर घरी आलाय, त्याच्याकडून एक पैसा नको. सेवेतल्या जवानाला राजकीय कामात भाग घेता येत नाही, त्यासाठी वर्गणीही देता येत नाही. निवृत्तीनंतर जे पुन्हा सरकारी नोकरीत लागले त्यांचंही तेच. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधला पाचवा नियम राजकीय चळवळीला वर्गणी द्यायलाही मनाई करतो, आणि सरकारी नोकर मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसला तर त्याला शिक्षा आहे. बँकेत सुरक्षारक्षक असलेल्यांनी आपल्या बँकेचे नियम विचारून घ्यावेत. नुसत्या पेन्शनवर असलेल्याला अडचण नाही. तुमच्या चाळीस जणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तो सध्या काय करतो ते लिहा. आमच्या यादीतून अशी नऊ नावं वगळावी लागली. त्यातला एक रडवेला झाला. त्याला म्हटलं, तुझं मत तुझं आहे, ते दे.

संघटनेच्या निधीला हात लावू नका. तो कोणाच्या तरी ऑपरेशनसाठी, कोणाच्या मुलीच्या फीसाठी गोळा झाला आहे. ज्याने दिला त्याने निवडणुकीसाठी दिला नव्हता, आणि त्यातल्या काहींना तुमचे सुभेदार साहेब पसंतही नसतील. संघटना विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर ती गोत्यात येईल ते वेगळंच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या आवारातसुद्धा प्रचाराची गोष्ट काढू नका, ते सरकारी कार्यालय आहे.

हुरडा पार्टीचं पोरांना समजावून सांगा. आचारसंहिता लागल्यावर मतदाराला फुकट खाऊ घालणं म्हणजे आमिष. शेतातला हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ, हे सगळं निकालानंतर करा, मीही येईन. आणि फौजी कॅन्टीनची दारूची बाटली. हे कठोरपणे सांगतो. आपल्या कोट्यातली एकही बाटली प्रचाराच्या आसपास दिसता कामा नये. लोक माजी सैनिकाकडे बघतात तेव्हा पहिलं हेच बघतात.

आणि निकालानंतर घरी झोपू नका. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, हरलेल्यानेसुद्धा. हरलेले अपक्ष इथेच चुकतात. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आमचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला, २७ ला लक्ष्मीपूजन. घरात कोणाला फराळ गोड लागत नव्हता. सोबती भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, शेजारी बसला आणि आम्ही पावत्या जुळवायला घेतल्या. कोणाकडून किती आले त्याचा वेगळा तक्ता असतो, नाव-पत्त्यासह. बारा दिवस लागले. १,९४० रुपयांचा फरक येत होता, तो एका मंडपवाल्याच्या दोनदा लिहिलेल्या बिलात सापडला. तेव्हा तो निकालानंतर पहिल्यांदा हसला.

ती वही माझ्याकडे आहे. दमाणी नगरात राहतो, मासिकाच्या कार्यालयातून पत्ता घ्या. सुभेदार साहेबांना सोबत आणा, आणि जो हिशेब लिहिणार आहे त्याला तर आणाच.

प्रश्न : माझे दीर माजी सैनिक आहेत, अपक्ष उभे राहणार आहेत. माझा भाऊ दुबईत नोकरीला आहे आणि मावसभाऊ अमेरिकेचा नागरिक झाला आहे. दोघांना पैसे पाठवायचे आहेत. चालेल का?
– एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : ताई, भावाचा पासपोर्ट भारतीय आहे ना? मग तो त्याच्या कमाईतून, बँकेमार्फत, दिरांच्या निवडणूक खात्यात देऊ शकतो. मावसभावाचे नकोत. अशा परदेशी नागरिकाचा पैसा उमेदवाराने घेणं विदेशी अंशदान कायद्याने बंद आहे. भावाच्या नावावरून त्याचे पैसे फिरवून आणायचा विचार कोणी सुचवला तर तोही नको. मावसभावाला सांगा, इथल्या नातेवाइकांना फोन करून दिरांबद्दल बोल. त्याला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : अपक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळते का? आणि निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर आम्ही काय करायचं?
– एक निवृत्त नायक, अक्कलकोट रोड

उत्तर : सूट मिळत नाही. ती राजकीय पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला (देणग्या घेऊन पक्षांना देणारी संस्था) दिलेल्या देणगीवर आहे. कोणी तुम्हाला सूट मिळेल असं सांगून वर्गणी मागत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

दुसऱ्या प्रश्नाचं. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्याही पक्षात गेला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपात्र ठरतो. पक्षात न जाता सरकारला बाहेरून पाठिंबा द्यायला मात्र त्याला मोकळीक आहे, आणि नेमकं तिथेच देणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. म्हणून पैसे देण्याआधी हाच प्रश्न त्याला विचारा, चार माणसांसमोर, आणि उत्तर पावतीच्या मागे लिहून घ्या. माझ्या सोबत्याला हा प्रश्न एका यंत्रमाग कामगाराने कारखान्यात विचारला होता. मागाच्या खडखडाटात ऐकू आलं नाही म्हणून त्याने माग बंद केला, उत्तर ऐकलं, पन्नास रुपये दिले आणि माग पुन्हा सुरू केला.